तारीख न लिहिलेल्या कायद्यातील मुदती: न्यू यॉर्कच्या तुरुंगातून शिक्षेचा फेरविचार मागताना

घरात छळ सोसत असताना ज्या व्यक्तीच्या हातून गुन्हा घडला आणि त्यासाठी जी न्यू यॉर्क राज्याच्या तुरुंगात दीर्घ शिक्षा भोगत आहे, तिला ती शिक्षा कमी करून मागण्याचा मार्ग २०१९ मध्ये खुला झाला. ‘डोमेस्टिक व्हायोलन्स सर्व्हायव्हर्स जस्टिस ॲक्ट’ या कायद्यावर १४ मे २०१९ रोजी स्वाक्षरी झाली. त्यातला आधीच शिक्षा झालेल्यांसाठीचा भाग, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४४०.४७, नव्वद दिवसांनी, १२ ऑगस्ट २०१९ पासून लागू झाला. तुरुंगातल्या बाईचे नातेवाईक या कायद्याविषयी ऐकतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न हमखास असतो, ‘अर्जाची शेवटची तारीख कोणती?’ याचे खरे उत्तर असे की कायद्यात तशी तारीखच नाही. हे उत्तर ऐकून घरातली माणसे निर्धास्त होतात, आणि नेमकी तिथेच गाडी चुकते. तारीख लिहिलेली नसली तरी निदान चार-पाच मुदती एकाच वेळी चालू असतात, त्यांतल्या काही न्यायालयाच्या आहेत, काही तुरुंगाच्या आहेत आणि एक-दोन चक्क इस्पितळाच्या दप्तरखान्यातल्या आहेत.

हे लेखन अशा नातेवाइकांसाठी आहे. कायदा केवळ स्त्रियांपुरता नाही, पुरुषही त्याखाली अर्ज करू शकतात. पण हा प्रश्न बहुतेक वेळा बहिणीचा, मुलीचा किंवा सुनेचा असतो, म्हणून येथे ‘ती’ असेच लिहिले आहे. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला लागतोच. त्या वकिलाला पहिल्याच भेटीत काय विचारायचे आणि भेटीआधी काय गोळा करायचे, एवढे यातून कळावे.

अर्ज कोणाला करता येतो

तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतात. गुन्हा १२ ऑगस्ट २०१९ पूर्वी घडलेला असावा. शिक्षा ठरावीक वर्षांची असेल तर ती आठ वर्षे किंवा अधिक असावी, आणि ‘पंधरा वर्षे ते जन्मठेप’ अशा स्वरूपाची असेल तर तिची किमान मुदत आठ वर्षे किंवा अधिक असावी. आणि अर्ज करताना ती राज्याच्या सुधारगृह खात्याच्या तुरुंगात असावी. स्त्रियांच्या बाबतीत तो बहुधा वेस्टचेस्टर परगण्यातला बेडफर्ड हिल्स, त्याच्या शेजारचा टॅकॉनिक, नाहीतर राज्याच्या पश्चिम टोकाकडचा अल्बियन असतो. परगण्याचा स्थानिक तुरुंग किंवा संघ-सरकारचा तुरुंग यात मोडत नाही. न्यू जर्सीत, म्हणजे जिथे एडिसनच्या आसपास आपली पुष्कळ मंडळी राहतात तिथे, शिक्षा झाली असेल तर न्यू यॉर्कचा हा कायदा उपयोगाचा नाही; नदी ओलांडली की कायदा बदलतो.

काही गुन्हे या सवलतीतून वगळलेले आहेत. प्रथम श्रेणीचा खून, दहशतवादाचे गुन्हे, आणि ज्यांसाठी लैंगिक गुन्हेगार म्हणून नोंदणी करावी लागते असे गुन्हे त्यांत येतात. आधीच्या हिंसक गुन्ह्यामुळे जिला वाढीव शिक्षा झाली आहे, तिची पात्रताही अडू शकते. दुसऱ्या श्रेणीचा खून मात्र सामान्यतः सवलतीत बसतो, आणि फरक लहान नाही. एरवी या गुन्ह्याला किमान पंधरा वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा असते. या कायद्याखाली ती पाच ते पंधरा वर्षांच्या ठरावीक शिक्षेवर येऊ शकते. डचेस परगण्यात निकोल ॲडिमॅन्डो यांना २०२० मध्ये ‘एकोणीस वर्षे ते जन्मठेप’ अशी शिक्षा झाली होती, ती अपील न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये साडेसात वर्षांवर आणली. ते प्रकरण फेरविचाराच्या अर्जाचे नव्हते, मूळ शिक्षेविरुद्धच्या अपिलाचे होते. पण न्यायालयाने लावलेली कसोटी तीच आहे.

त्या कसोटीचे तीन भाग आहेत. गुन्ह्याच्या वेळी ती कुटुंबातल्या किंवा घरातल्या व्यक्तीकडून गंभीर शारीरिक, लैंगिक किंवा मानसिक छळ सोसत होती. तो छळ गुन्ह्याला कारणीभूत ठरलेला एक महत्त्वाचा घटक होता. आणि गुन्ह्याचे स्वरूप व तिची एकूण पार्श्वभूमी पाहता नेहमीची शिक्षा अवाजवी कठोर ठरते. येथे आपल्या घरांच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ‘कुटुंबातली व्यक्ती’ म्हणजे केवळ नवरा नव्हे. रक्ताच्या नात्याबरोबर लग्नामुळे जोडलेली नातीही त्या व्याख्येत येतात, म्हणजे सासू, सासरे, दीर, नणंद हे सर्व. शिवाय ज्याने छळले त्याच्याविरुद्धच गुन्हा घडलेला असावा अशीही अट नाही. नवऱ्याच्या धाकाने त्याच्या गुन्ह्यात ओढली गेलेली बाईसुद्धा अर्ज करू शकते.

आणि ज्यांचा गुन्हा १२ ऑगस्ट २०१९ नंतरचा आहे त्यांचे काय? त्यांना फेरविचाराचे कलम लागू नाही. छळाचा मुद्दा त्यांनी दंड संहितेच्या कलम ६०.१२ खाली शिक्षा सुनावण्यापूर्वीच मांडायचा असतो. या सगळ्या विषयातली सर्वांत निष्ठुर मुदत कोणती असेल तर ती हीच, कारण ती शिक्षेच्या दिवशी संपते आणि पुष्कळदा ती चालू होती हे कळण्यापूर्वीच संपते. अशा प्रकरणात उरतो तो शिक्षेविरुद्धच्या अपिलाचा तीस दिवसांचा काळ, किंवा वकिलाने मुद्दा मांडलाच नाही म्हणून त्याच्या कामगिरीवर बोट ठेवणारा वेगळा अर्ज.

खरी शेवटची तारीख: सुटकेचा दिवस

‘तुरुंगात असावी’ ही अट वाचताना बिनमहत्त्वाची वाटते, पण सर्वांत मोठी मुदत तिच्यातच लपलेली आहे. ती सुटली की दार बंद होते. आपल्याकडचा एक गैरसमज येथे दूर करायला हवा. महाराष्ट्रात पॅरोल म्हणजे घरातल्या आजारपणासाठी किंवा अन्य निकडीसाठी मिळालेली तात्पुरती रजा. रजा संपली की कैदी परत येतो आणि रजेतही तो कैदीच असतो. न्यू यॉर्कमध्ये पॅरोल म्हणजे देखरेखीखाली झालेली सुटका. त्यामुळे ‘सध्या पॅरोलवर आहे, जरा स्थिरस्थावर झाली की अर्ज करू’ असे म्हणणाऱ्या घराला हे माहीतच नसते की अर्जाचा हक्क तुरुंगाच्या फाटकातच राहिला. आता बाहेर आहे तर अर्ज हवाच कशाला, असेही कोणी विचारील. हवा, कारण ‘ते जन्मठेप’ या शब्दांमुळे तिच्यावर पॅरोलची टांगती तलवार वर्षानुवर्षे राहते, आणि ठरावीक शिक्षेनंतरची देखरेख मात्र ठरलेल्या काळाने संपते.

ठरावीक वर्षांची शिक्षा असेल तर सुटकेचा दिवस कागदावर मांडून पाहावा. चांगली वर्तणूक असेल तर अशा शिक्षेच्या सात भागांपैकी सहा भाग पूर्ण झाल्यावर सशर्त सुटका होते. समजा एका बाईला मार्च २०१९ च्या आरंभी अटक झाली, तेव्हापासून ती आतच आहे, आणि शिक्षा आठ वर्षांची आहे. आठ वर्षांचे सहा-सप्तमांश म्हणजे सहा वर्षे दहा महिने. म्हणजे तिची सुटका जानेवारी २०२६ च्या आसपास. शिक्षा दहा वर्षांची असेल तर आठ वर्षे आणि जवळजवळ सात महिने, म्हणजे सप्टेंबर २०२७ ची अखेर. पंधरा वर्षांची असेल तर २०३२ चा आरंभ. गुन्ह्याची तारीख कायद्याने १२ ऑगस्ट २०१९ वर खिळवून ठेवली आहे, म्हणून कमी शिक्षेच्या स्त्रिया एकेक करून या कायद्याच्या कक्षेबाहेर पडत आहेत, आणि ज्यांची शिक्षा आठ-दहा वर्षांची आहे त्यांच्या घरांना ‘पुढच्या वर्षी बघू’ ही चैन परवडणारी नाही.

हे गणित आपल्या अंदाजाने करू नये. तुरुंगाच्या नोंदणी कार्यालयाकडून मुदतीच्या हिशेबाचा कागद मिळतो, त्यावर सशर्त सुटकेची, पॅरोल-पात्रतेची आणि कमाल मुदतीची तारीख छापलेली असते. तो कागद तिने मागवून त्याची प्रत घरी पाठवावी. हाच कागद पुढे अर्जालाही जोडायचा आहे. अर्ज प्रलंबित असताना सुटकेची तारीख येत असेल, तर ती गोष्ट वकिलाच्या कानावर आधीच घालावी. सरकारी वकील त्यावर आक्षेप घेऊ शकतात आणि त्याचे उत्तर अगोदर तयार असलेले बरे.

पहिले पत्र लहान असते

कलम ४४०.४७ ची प्रक्रिया दोन पायऱ्यांची आहे, आणि या पायऱ्यांची गल्लत झाल्यामुळे लोक विनाकारण थांबून राहतात. पहिली पायरी म्हणजे मूळ शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशांकडे ‘फेरविचाराचा अर्ज करू द्यावा’ अशी विनंती. ते न्यायाधीश निवृत्त झाले असतील किंवा दुसऱ्या न्यायालयात गेले असतील तर विनंती दुसऱ्या न्यायाधीशांकडे सोपवली जाते, त्यासाठी आपल्याला शोधाशोध करावी लागत नाही. या विनंतीत छळाचा पुरावा द्यायचा नसतो. ती तुरुंगात आहे, शिक्षा आठ वर्षे किंवा अधिक आहे, गुन्हा त्या तारखेपूर्वीचा आणि सवलतीत बसणारा आहे, एवढेच कागदांनी दाखवायचे असते. शिक्षेचा आदेश आणि मुदतीच्या हिशेबाचा कागद, हे दोन जोडले की बहुतेक काम होते.

पत्र साधे असावे. वर तिचे पूर्ण नाव, तुरुंग खात्याने दिलेला कैदी क्रमांक (दोन अंकी वर्ष, एक अक्षर आणि चार अंक असा तो असतो), आरोपपत्राचा क्रमांक, शिक्षेची तारीख. खाली तीन-चार वाक्ये आणि सही. नावाच्या बाबतीत आपल्याकडे एक घोळ नेहमी होतो. पासपोर्टवर लग्नानंतरचे नाव, इस्पितळात माहेरचे, न्यायालयात मधले नाव गाळलेले किंवा वडिलांचे नाव आडनाव म्हणून टंकलेले. पत्रावर न्यायालयाच्या कागदावरचेच नाव जसेच्या तसे, अक्षरही न बदलता, लिहावे आणि ‘या नावानेही ओळखली जाते’ म्हणून बाकीची नावे एकदाच खाली नोंदवावीत. पुढे भारतातले कागद जोडताना हीच ओळ कामाला येते.

विनंती मान्य झाली की न्यायालय तसे कळवते, आणि त्या क्षणापासून ती सरकारी खर्चाने वकील मागू शकते. म्हणून ‘वकिलासाठी पैसे जमले की अर्ज करू’ हा विचार उलट्या बाजूने केलेला आहे. कागदात उणीव निघाली तर विनंती निकाली काढली जाते, पण पुन्हा करण्याचा हक्क राखून. त्यामुळे पहिल्या पायरीवर चूक झाली तरी ती दुरुस्त होते. तरीही पत्र टाकण्यापूर्वी या कामातल्या एखाद्या वकिलाशी किंवा संस्थेशी बोलणे शहाणपणाचे. ब्रुकलिन लॉ स्कूलमधला सर्व्हायव्हर्स जस्टिस प्रोजेक्ट याच कायद्यावर काम करतो, आणि भाषा व घरची परिस्थिती समजून घेण्यासाठी न्यू यॉर्कची सखी किंवा न्यू जर्सीची मानवी या दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीच्या संस्था आहेत.

दुसऱ्या पायरीची घाई का करू नये

दुसरी पायरी म्हणजे प्रत्यक्ष अर्ज, आणि इथे नियम कडक होतो. छळाला दुजोरा देणारे किमान दोन पुरावे जोडावे लागतात. त्यांतला निदान एक कायद्याने सांगितलेल्या प्रकारातला हवा: न्यायालयाची नोंद, शिक्षेपूर्वीचा अहवाल, समाजसेवा खात्याची किंवा इस्पितळाची नोंद, छळ पाहिलेल्या साक्षीदाराचे शपथेवरचे निवेदन, पोलिसांची नोंद, घरगुती घटनेचा अहवाल, किंवा संरक्षणाचा आदेश. दुसरा पुरावा थोडा सैल असू शकतो. समुपदेशक, समाजसेविका, डॉक्टर, धर्मगुरू किंवा वकील यांच्याकडे मदतीसाठी गेल्याचा दाखला, किंवा तुरुंगातल्या नोंदी. दोन पुरावे नसतील तर अर्ज निकाली निघतो, पण तोही पुन्हा करता येईल अशा रीतीने. दोन पुरावे असतील तर न्यायालयाला सुनावणी घ्यावीच लागते.

सुनावणी होऊन अर्ज नाकारला गेला तर मात्र प्रकरण वेगळ्या वळणावर जाते. तेव्हा पुन्हा नव्याने मागण्याचा सरळ हक्क कायद्यात लिहिलेला नाही, अपील हाच मुख्य मार्ग उरतो. माझे मत असे की पहिली विनंती शक्य तितक्या लवकर करावी, आणि अर्ज भरण्यापूर्वी मात्र पुरावा पुरता पिकू द्यावा. न्यायाधीशांनी वेळापत्रक दिले असेल तर ते पाळावे लागते, पण वकिलाने कारण सांगून वेळ मागितला तर तो मागण्यात गैर काही नाही; भारतातून कागद यायचे आहेत हे कारण पुरेसे समजण्याजोगे आहे.

पण पिकू द्यायचे म्हणजे पडू द्यायचे नव्हे, कारण कागदांनाही आयुष्य असते. न्यू यॉर्कमधल्या इस्पितळांना रुग्णाच्या नोंदी घरी सोडल्यापासून सहा वर्षे ठेवण्याचे बंधन आहे. त्यानंतर त्या नष्ट झाल्या तर कोणाला जाब विचारता येत नाही. २०१८ ची नोंद आज असेलच असे धरून चालू नये, आणि नसेलच असेही नाही. म्हणून सर्वांत आधी इस्पितळाला लिहावे. तिने सही केलेले संमतीपत्र जोडले की संघीय नियमाप्रमाणे इस्पितळाने तीस दिवसांत नोंदी द्यायच्या असतात, आणि लेखी कारण देऊन आणखी तीस दिवस घेता येतात. पोलिसांकडे माहिती-अधिकाराखाली मागणी केली तर पाच कामकाजाच्या दिवसांत पोच मिळायला हवी. नकार आला तर त्यावर तीस दिवसांत अपील करायचे असते, आणि ही तीस दिवसांची मुदत घरातल्या माणसांकडून फार सहज चुकते, कारण नकाराचे पत्र आले की लोक ते निराशेने फायलीत लावून टाकतात.

भारतातली नोंद आणि भारतातले साक्षीदार

छळ लग्नानंतर भारतात सुरू झाला आणि पुढे अमेरिकेत चालू राहिला, अशी प्रकरणे आपल्या घरांत असतात. तेव्हा महाराष्ट्रातल्या कागदांनाही किंमत असते. पोलीस ठाण्यात नोंदवलेली ‘एनसी’, कलम ४९८-अ खालचा गुन्हा, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याने भरलेला घटनेचा अहवाल, पोलीस ठाण्यातल्या महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षातल्या समाजसेविकेची नोंद, हे सर्व शोधावे. न्यायालय गुन्ह्याच्या वेळचा छळ पाहते, त्यामुळे जुना भारतीय कागद एकटा पुरेसा ठरत नाही. पण अमेरिकेतल्या एका नोंदीला मागची पाच-सात वर्षे जोडून दाखवण्याचे काम तो चांगले करतो.

इस्पितळाच्या बाबतीत भारतातली मुदत न्यू यॉर्कपेक्षाही तोकडी आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवायच्या असतात, आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. प्रत्यक्षात लहान नर्सिंग होममधल्या जुन्या वह्या माळ्यावर बरीच वर्षे पडून असतात, म्हणून तीन वर्षे उलटली तरी माहेरच्या माणसाने एकदा प्रत्यक्ष जाऊन विचारावे. फोनवर ‘नाही’ हेच उत्तर मिळते. केस पेपर सापडला की त्यातली एक ओळ मन खट्टू करते, ‘जिन्यावरून पडल्याने’ किंवा ‘बाथरूममध्ये घसरून’. सोबत नवरा उभा असताना बाई दुसरे काय सांगणार? असा कागद टाकून देऊ नये. मनगटाच्या आतल्या बाजूचे वळ किंवा दोन्ही दंडांवरचे सारखे डाग पडण्याने होत नाहीत, आणि हे तज्ज्ञ डॉक्टर सुनावणीत सांगू शकतो. कागदावरचे कारण खोटे असले तरी इजा, तारीख आणि सोबत कोण आले होते ही नोंद खरी असते.

साक्षीदाराच्या निवेदनावर सर्वांत जास्त मेहनत घ्यावी, कारण कायद्याने सांगितलेल्या पुराव्यांपैकी आज नव्याने तयार होऊ शकेल असा जवळजवळ हा एकच आहे. ‘तिला सासरी फार त्रास होता, हे सर्वांना माहीत होते’ या वाक्याने काहीही साधत नाही. त्याऐवजी मावशीने असे लिहावे: ‘२०१६ च्या गौरी जेवणाच्या दिवशी मी तिच्या घरी होते. स्वयंपाकघरात जावयाने तिचा हात गरम तव्यावर दाबलेला मी दारातून पाहिला. मी ओरडले तेव्हा त्याने हात सोडला. तिने तो वाहत्या पाण्याखाली धरला आणि मला म्हणाली, मावशी, आईला सांगू नकोस.’ दिवस, जागा, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले, स्वतःच्या कानांनी ऐकलेले. ऐकीव गोष्टही सुनावणीत विश्वासार्ह असेल तर चालते, पण ती ऐकीव आहे असे स्पष्ट लिहावे. आणि पाहिले नसेल ते पाहिले म्हणून लिहू नये. सरकारी वकिलाच्या दोन प्रश्नांत ते उघडे पडते आणि सगळ्या फायलीवर शिंतोडे उडतात.

निवेदन मराठीतच लिहावे, कारण मावशी शपथेवर जे सांगते ते तिला वाचता आले पाहिजे. त्याला इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्र जोडावे. भाषांतरकार घरातला नसावा. शपथ नोटरीपुढे घ्यावी. ॲपॉस्टिल, म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा सरकारी दाखला, लागेल का हे वकिलाला आधी विचारावे. भारत २००५ पासून त्यासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, पण राज्याचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का यांत काही आठवडे सहज जातात, आणि मावशीचे वय ऐंशीच्या घरात असेल तर खरी मुदत तीच आहे. कागद नंतर होतील, निवेदन या आठवड्यात घ्यावे.

एक सावधगिरी. तुरुंगातून येणारे फोन ध्वनिमुद्रित होतात, आणि मराठीत बोलल्याने काही झाकले जात नाही. त्या रात्री काय झाले याची चर्चा फोनवर करू नये. तारखा, कागद आणि तब्येत यांवर बोलावे. बाकीचे वकिलाशी, आणि वकिलाच्या टपालातून.

निकालानंतरचे तीस दिवस

इथून पुढे मात्र मुदती आकड्यांत लिहिलेल्या आहेत. अर्ज नाकारणाऱ्या आदेशाविरुद्ध अपील करण्याचा तिला हक्क आहे, त्यासाठी परवानगी लागत नाही. आदेशाची प्रत तिच्यावर बजावली गेल्यापासून तीस दिवसांच्या आत अपिलाची सूचना दाखल व्हावी लागते. ती सूचना जेमतेम एका पानाची असते. कारणे लिहावी लागत नाहीत, युक्तिवाद नंतर येतो. म्हणून ‘अपील करावे की नाही’ हे ठरत नसले तरी सूचना द्यावी, मागे घेणे केव्हाही शक्य असते. नियुक्त वकिलाचे काम सुनावणीपर्यंतच आहे असा समज होऊन ती आणि वकील दोघेही एकमेकांवर विसंबून राहतात, आणि तीस दिवस निघून जातात. निकालाच्या दिवशीच वकिलाला लेखी विचारावे, ‘सूचना आपण दाखल करणार ना?’

तुरुंगातून टाकलेल्या पत्राविषयी एक बारकावा आहे. संघीय न्यायालयांत कैद्याने कागद तुरुंगाच्या टपालात दिला तो दिवस दाखल झाल्याचा दिवस मानतात. न्यू यॉर्कच्या राज्य न्यायालयांत त्यावर भिस्त ठेवू नये. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये एका कैद्याच्या दुसऱ्या प्रकारच्या अर्जात कागद कार्यालयात पोहोचला तोच दिवस धरला होता. म्हणून तीसचे वीस समजावेत आणि पाठवल्याची पावती जपावी.

मुदत चुकलीच, तर आपल्याकडच्या ‘विलंब माफी’सारखा एक मार्ग आहे, पण तो आपल्याकडच्याइतका ऐसपैस नाही. कलम ४६०.३० खाली अपील न्यायालयाकडे मुदतवाढ मागता येते, तीही मूळ तीस दिवस संपल्यापासून एक वर्षाच्या आत. कारण वकिलाची चूक, सरकारी अधिकाऱ्याचे गैरवर्तन, किंवा तुरुंगात असल्यामुळे वकिलाशी अपिलाबाबत बोलणेच होऊ शकले नाही, अशा स्वरूपाचे हवे. वर्ष उलटले की ते दारही लागते. अपिलातही नकार आला तर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे परवानगी मागण्यासाठी पुन्हा तीस दिवस मिळतात.

अर्ज मंजूर झाला तरीही एक छोटा टप्पा असतो. न्यायालय नवी शिक्षा किती असेल ते आधी सांगते, आणि तिने अर्ज मागे घेतला नाही किंवा अपील केले नाही तर जुनी शिक्षा रद्द करून नवी देते. नवी शिक्षा जास्त वाटत असेल तर त्यावरही अपील आहे. हा निर्णय आनंदाच्या भरात न्यायालयाच्या व्हरांड्यात घेऊ नये.

संघीय हेबिअस अर्जाची, म्हणजे कैद बेकायदा आहे म्हणून संघीय न्यायालयात करायच्या अर्जाची, एक वर्षाची मुदत हा वेगळाच विषय आहे. ती सामान्यतः शिक्षा अंतिम झाल्यापासून मोजतात, आणि ती संपून गेली असेल तर आता केलेल्या राज्य-अर्जाने जिवंत होत नाही. राज्याचे अपील नुकतेच संपले असेल तर मात्र वकिलाला पहिल्या भेटीतच या वर्षाविषयी विचारावे.

दुसऱ्या राज्यात असेल तर

इथली कोणतीही तारीख दुसऱ्या राज्याला लावू नये. ओक्लाहोमाने २०२४ मध्ये आणि जॉर्जियाने २०२५ मध्ये असे कायदे केले, जॉर्जियाचा १ जुलै २०२५ पासून लागू झाला. इलिनॉयने २०१६ पासून लागू झालेली ही सवलत दिवाणी प्रक्रियेच्या अशा कलमात घातली ज्याला मुळातच दोन वर्षांची मुदत आहे, म्हणून तिथल्या वकिलाला पहिला प्रश्न मुदतीचाच विचारावा. कॅलिफोर्नियात २९ ऑगस्ट १९९६ पूर्वीच्या गुन्ह्यांसाठी वेगळा हेबिअस मार्ग आहे. तो कायदा स्वतःच ठरावीक तारखेला संपणार होता, त्याची मुदत वाढवत नेली आणि अखेर २०१२ मध्ये ती तारीखच काढून टाकली. तारीख तिथे अशी आहे: गुन्ह्याला आहे, अर्जाला नाही.

व्हिसावर असलेल्या स्त्रीसाठी

जी नागरिक नाही, व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर आहे, तिच्या बाबतीत सुटकेचा दिवस दोन अर्थांनी महत्त्वाचा असतो. इमिग्रेशन खात्याने तुरुंगाकडे ताब्याची मागणी नोंदवून ठेवली असेल तर फाटकातून ती घरी न येता थेट त्या खात्याच्या कोठडीत जाऊ शकते, आणि शिक्षा कमी होणे म्हणजे तो दिवस अलीकडे येणे. शिवाय शिक्षा कमी झाली म्हणून हद्दपारीचा प्रश्न सुटेलच असे नाही. २०१९ मधल्या ॲटर्नी जनरलच्या निर्णयाप्रमाणे, मूळ खटल्यातल्या कायदेशीर दोषामुळे शिक्षा बदलली असेल तरच इमिग्रेशनच्या कामी तो बदल धरतात, आणि पुनर्वसन किंवा दया या कारणाने झालेला बदल धरत नाहीत. खुनाच्या दोषसिद्धीला तर शिक्षेच्या वर्षांशी देणेघेणेच नाही. म्हणून फौजदारी वकिलाखेरीज इमिग्रेशनचा वकील अर्ज भरण्यापूर्वी गाठावा, आदेशात न्यायालयाने कोणती कारणे लिहावीत यावर दोघांचे बोलणे घडवावे, आणि ताब्याची मागणी नोंदलेली आहे का हे तिने तुरुंगातल्या समुपदेशकाकडून लेखी विचारून घ्यावे. मागणी असेल तर सुनावणीच्या तारखेआधी तिचा पासपोर्ट, जुने व्हिसाचे कागद आणि मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती घरातल्या एका माणसाकडे एकत्र ठेवाव्यात, कारण सुटकेच्या दिवशी ते कागद मागण्यासाठी तिला फोन मिळेलच असे नाही.